आर्वीकडं राहून गिटला पॅच पाठवायचेत? मग आधी हे वाचा

मूळचा मी साताऱ्याकडचा. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या एका गावात येऊन राहिलो त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि हल्ली पुण्याकडचे ओळखीचे लोक विचारायला लागलेत की आम्ही पण येऊ का, भाडं कमी, जागा मोठी, काम काय लॅपटॉपवरच आहे. त्यातल्या काहींना गिटला, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, पॅच पाठवायचेत, म्हणजे गिट वापरून दुसरं काही नाही, खुद्द गिटच्याच कोडमधल्या दुरुस्त्या. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून लिहून टाकतोय.

सगळे पहिलं विचारतात लाईट आणि नेटचं. दोन्ही जातं. पण गिटच्या कामाचं त्यानं फारसं अडत नाही, कारण तिथं लाईव्ह असं काही नसतंच, पॅच मेलनं लिस्टवर जातो, म्हणजे सगळ्यांना मेल पोचवणाऱ्या एका पत्त्यावर, लोक मेलवर बघतात, मेलवरच उत्तर देतात, ते आज येईल नाहीतर चार दिवसांनी. अडतं ते आपल्या सवयीमुळं, सकाळी पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) टाकली की संध्याकाळपर्यंत मर्ज, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील, झालीच पाहिजे अशी जी कंपनीत लागलेली असते. ती सोबत घेऊन आलात तर गावातही चिडचिड आणि लिस्टवरही चिडचिड.

घर बघताना ते गावठाणात आहे ना एवढं बघा. वावरातलं घर दिसायला भारी असतं, समोर संत्र्याची बाग, मागं नाला, पण लाईन शेतीच्या फीडरवरची असेल तर लाईट पाळीनं येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि तुमचं काम त्या पाळीवर चालणार नाही. गावठाणाच्या फीडरला तसं नसतं. इन्व्हर्टर घ्याच, पंखा, राउटर आणि लॅपटॉप आरामात निघतो त्यावर. पावसाळ्यात आभाळ गरजायला लागलं की राउटरचा अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवायचा, इथं वीज पडून राउटर जळणं ही दरवर्षीची गोष्ट आहे. सिम दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा, एकाची रेंज गच्चीवर मिळेल, दुसऱ्याची मारुतीच्या पारावर.

आता पुणे सोडायच्या आधी करून ठेवायची कामं. गिटची रिपॉझिटरी, म्हणजे सगळा कोड आणि त्याचा इतिहास, काही शे एमबीची आहे, ती तिथल्या चांगल्या नेटवर क्लोन करून, म्हणजे पूर्ण उतरवून, आणा. लिस्टचं जुनं सगळं संभाषण लोअर नावाच्या आर्काइव्हवर आहे आणि गंमत म्हणजे ते आर्काइव्हसुद्धा गिट रिपॉझिटरी म्हणून क्लोन करता येतं, ते पण उतरवून घ्या, नेट नसताना "हा बदल कोणी आधी सुचवला होता का" हे त्यातच शोधता येतं. जीमेलवरून गिट सेंड-ईमेल, म्हणजे पॅच मेलनं पाठवायची कमांड, चालवायचं तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून अॅप पासवर्ड काढावा लागतो, तोही तिथंच काढा आणि ओटीपी एसएमएसवर ठेवू नका, ऑथेंटिकेटर अॅपवर ठेवा. घरात रेंज नाही आणि गुगल एसएमएस पाठवतंय म्हणून फोन हातात धरून गच्चीवर पळणारी माणसं मी पाहिलीत. मेल साधी टेक्स्ट असली पाहिजे, एचटीएमएल मेल लिस्टचा सर्व्हरच नाकारतो, त्यामुळं फोनवरच्या जीमेल अॅपमधून उत्तर द्यायचा विचार सोडून द्या.

गावात कोणी ना कोणी विचारणारच, करता काय तुम्ही. माझ्या घरमालकांना, आम्ही काकाजी म्हणतो त्यांना, मी सांगितलं की नोकरी वेगळी, आणि उरलेल्या वेळात जगभरातले प्रोग्रामर वापरतात त्या एका सॉफ्टवेअरची दुरुस्ती करतो.

"त्याचा पगार कोन देते मंग?"

"कोणी नाही देत, काकाजी."

"फुकटच राबाचं हाय त आमच्या वावरात या ना बाप्पा, कापूस येचाले मानूस भेटून नाही राह्यला."

बोलणं बरोबरच आहे त्यांचं. खरंच एक दिवस गेलो वेचायला, मजुरी घेतली नाही, पण त्यानंतर गावात ओळख सांगायची वेळ आली नाही. तुम्हालाही सांगतो, आल्या आल्या असं काहीतरी करा. आणि बोलताना वयानं लहान दिसला तरी भाऊ म्हणा, बाई असेल तर ताई किंवा काकू, पुण्यासारखं नुसत्या नावानं हाक मारलेली इथं टोचते. लिस्टवर नेमकं उलटं. तिथं 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं की आपण नवीन आहोत हे लांबूनच दिसतं. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं आणि त्याच जुलैमध्ये ते जुनिओ हमानोंच्या हातात दिलं, तेव्हापासून मेंटेनर, म्हणजे काय घ्यायचं ते ठरवणारे, तेच, पण त्यांनाही सगळे सरळ 'हाय जुनिओ' लिहितात. तुम्हीही तसंच लिहा, कोणाला राग येत नाही.

पहिला पॅच लहान असू द्या. गुगल समर ऑफ कोडसाठी (नवख्यांना ओपन सोर्समध्ये आणणारा गुगलचा उपक्रम) अर्ज करणाऱ्यांना तिथं मायक्रोप्रोजेक्ट, म्हणजे एक छोटंसं काम, करायला लावतात, तसलं काहीतरी घ्या, अर्ज करायचा नसला तरी. उदाहरणार्थ टी फोल्डरमधल्या जुन्या टेस्ट स्क्रिप्टमध्ये फाईल आहे का हे नुसत्या 'टेस्ट -एफ'नं तपासलेलं असतं, त्याजागी टेस्ट_पाथ_इज_फाईल हा तयार हेल्पर टाकायचा, म्हणजे टेस्ट पडली तर कशामुळं पडली ते छापून येतं, नाहीतर गपचूप पडते. किंवा गिटची कमांड पाईपच्या, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या चिन्हाच्या, डाव्या बाजूला असेल ती बाहेर काढायची, कारण पाईपमध्ये शेल फक्त शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (जमलं की नाही ते सांगणारा आकडा) बघतं, डावीकडं गिट क्रॅश झालं तरी उजवीकडचा ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) पास झाला की टेस्ट पास. हे ऐकायला बारीक वाटतं, पण असल्या टेस्टमागं खरे बग लपून बसतात. मात्र असं एकच काम घ्या, एकाच फाईलमधलं. उत्साहात वीस फाईली बदलून पाठवल्या तर बघणाऱ्याचा जीव जातो आणि दुसऱ्या नवीन पोट्ट्यांना काम उरत नाही.

कोडपेक्षा कमिट मेसेजवर जास्त वेळ जातो, जाऊ द्या. विषयाच्या ओळीत आधी भागाचं नाव, मग कोलन, मग पहिलं अक्षर लहान ठेवून थोडक्यात काय केलं, शेवटी पूर्णविराम नाही. खाली आधी आत्ता कोड काय करतो आणि त्यात अडचण काय, ते वर्तमानकाळात, मग बदल आज्ञार्थी वाक्यात, कोडला हुकूम सोडल्यासारखं. शेवटी साईन्ड-ऑफ-बाय, ती ओळ म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे याची तुमची सही, ती नसेल तर पॅच घेत नाहीत. एका पॅचमध्ये एकच बदल. जिनिंगवर, कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यावर, व्यापारी गाडीच्या आत हात घालून मूठभर कापूस काढतो आणि तो ओला निघाला की अख्ख्या गाडीचा भाव पाडतो, रिव्ह्यू करणाऱ्याचंही तेच, बगच्या दुरुस्तीत मधेच स्पेस सुधारलेल्या दिसल्या की बाकीच्याकडं तो संशयानंच बघतो. डॉक्युमेंटेशन फोल्डरमधल्या सबमिटिंगपॅचेस, कोडिंगगाईडलाईन्स आणि मायफर्स्टकॉन्ट्रिब्युशन या तीन फाईली इथल्या दुपारी वाचायला बऱ्या, नेट लागत नाही.

टेस्ट स्क्रिप्ट हजाराच्या आसपास आहेत, सगळ्या इन्व्हर्टरवर चालवायच्या भानगडीत पडू नका, बॅटरी खाली होते आणि रात्री पंखा बंद. ज्या भागाला हात लावला तेवढीच चालवा, ब्रँचचं काम असेल तर टी३२०० ही स्क्रिप्ट वगैरे, आणि मग आपल्या गिटहबवरच्या फोर्कला, म्हणजे तिथल्या आपल्या प्रतीला, पुश करा, तिथं लिनक्स, मॅक आणि विंडोजवर सगळ्या आपोआप चालतात, दुसऱ्याच्या लाईटवर. सेंड-ईमेल काही केल्या जमलंच नाही तर गिटगिटगॅजेट आहे, गिटहबवर पुल रिक्वेस्ट उघडायची आणि कमेंटमध्ये सबमिटची कमांड द्यायची, ते लिस्टवर मेल पाठवतं, फक्त पहिल्यांदा आधीपासून परवानगी असलेल्या कोणीतरी तुम्हाला अलाऊ करावं लागतं. मी स्वतः सेंड-ईमेलच वापरतो. फॉरमॅट-पॅचनं फाईली काढून ठेवायच्या, आधी स्वतःलाच पाठवून बघायच्या, मग रेंज आली की एका मिनिटात जातात.

पाठवल्यावर काय. कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा-साडेतेरा तास मागं, युरोप साडेतीन-साडेचार, त्यामुळं उत्तरं बहुतेक संध्याकाळनंतर आणि रात्रीत येतात. सकाळी उठून वाचा, लगेच लिहू नका, आधी चहा घ्या, बसस्टँडवर जाऊन तर्री पोहे खाऊन या. वाचताना कठोर वाटतं, 'हे चुकीचं आहे' एवढंच लिहिलेलं असतं, त्यात राग नसतो, वेळ कमी असतो. उत्तर देताना त्यांचं वाक्य ठेवून त्याच्याखाली आपलं लिहायचं, नको ते कापायचं, वरती सगळं लिहून खाली अख्खी मेल लटकवायची नाही. प्रत्येक मुद्द्याला उत्तर पाहिजे, पटलं नाही तर का पटलं नाही ते लिहा, गप्प राहून नुसता व्ही२, म्हणजे सुधारलेला पॅच, पाठवणं त्यांना आवडत नाही. आणि व्ही२ त्याच दिवशी पाठवू नका, अजून दोघं-तिघं बघायचे असतात. पाठवाल तेव्हा रेंज-डिफ जोडा, आधीपेक्षा काय बदललं ते दिसतं. आठवडाभर कोणीच बोललं नाही तर त्याच धाग्यात नम्रपणे आठवण करायची, चालतं.

मग जुनिओंची 'व्हॉट्स कुकिंग' मेल, म्हणजे कुठलं काम कुठवर आलं ते सांगणारी, बघत राहायची, त्यात तुमच्या कामाचं नाव दिसेल. सीन ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या चाचपणीच्या फांदीत, आलं म्हणजे घेतलं असं नाही, फक्त डोळ्याखाली आहे, इथं मिठाई वाटू नका. तिथं 'रीरोलची अपेक्षा', म्हणजे सुधारून परत पाठवा, असं लिहिलं असेल तर चेंडू तुमच्याकडं आहे, आणि नेट नाही हे कारण फार दिवस चालत नाही. नेक्स्टमध्ये, म्हणजे त्याच्या पुढच्या ब्रँचमध्ये, गेलं की मग जुना पॅच बदलून परत पाठवायचा नाही, चूक सापडली तर वरून वेगळा पॅच द्यायचा. नेक्स्टमध्ये साधारण आठवडाभर तरी राहतं, मग मास्टर, म्हणजे मुख्य ब्रँच. रिलीजच्या आधी आरसी, म्हणजे चाचणीच्या आवृत्त्या, सुरू असतील तर नवीन काही पुढं सरकत नाही, तेव्हा घाई करून उपयोग नाही, त्या दिवसांत दुसऱ्यांचे पॅच वाचून रिव्ह्यू द्या. ते काम करणारे कमी आहेत आणि त्यानंच तुमचं नाव लोकांच्या लक्षात राहतं, हे माझं मत, पॅच पाठवण्यापेक्षाही जास्त.

यायचं कधी, तर दिवाळीनंतर. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुलगावला उतरा, तिथून आर्वीची एसटी. पोळ्याच्या आसपास घर बघायला येऊ नका, कोणी भेटणार नाही, पोळा आणि दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा, सगळे त्यात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पहाटे पाच ते दहा काम, दुपारी झोप, रात्री पुन्हा काम, आणि रात्री उत्तरं येतातच त्यामुळं ते बरं जमतं. एसीच्या नादी लागू नका, इथली हवा कोरडी, कूलरच चालतो. तो फेब्रुवारीतच घेऊन ठेवा, एप्रिलमध्ये भावही वाढतात आणि ताट्या (कूलरच्या बाजूच्या गवताच्या जाळ्या) बदलून देणारा माणूसही हाती लागत नाही.