निसर्गचित्र शिकताय? मग लेव्हितान कॉपी करून बघा

झाडं, डोंगर, आकाश सगळं जमतंय पण चित्र शेवटी कॅलेंडरसारखंच दिसतंय, असं होत असेल तर थोडे दिवस यूट्यूब बंद ठेवा आणि इसाक लेव्हितान उघडा. रशियातला ज्यू चित्रकार, जन्म १८६०, गेला १९०० मध्ये, वय फक्त ३९. नुसत्या निसर्गातून मनातलं सांगायचं हे रशियात खरं रुजवलं ते यानेच.

सुरुवात 'मार्च' (१८९५) पासून करा. मोठी इमेज शोधा, झूम करा आणि आधी फक्त बर्फावरच्या सावल्या बघा. आपण काय करतो, काळ्यात पाणी घालतो आणि ग्रे फासतो, इथे सावली चक्क निळी आहे आणि बाजूला घराची भिंत उन्हात पिवळी, त्यामुळे तो निळा अजूनच गार वाटतो. दाराशी स्लेजला (बर्फावरून ओढायच्या गाडीला) जुंपलेला घोडा उभा, दार अर्धवट उघडं, माणूस एकही नाही, तरी कोणीतरी आत्ताच आत गेलंय असं वाटतं की नाही?

आता डोळे बारीक करून तेच चित्र पोस्टकार्डाएवढं काढा, पेन्सिलने, गडद मध्यम फिकट एवढ्या तीनच छटांत. डिटेल अजिबात नको. हे जमेपर्यंत रंगाला हात लावू नका, कंटाळा येतो पण खरं काम इथेच होतं.

मग 'व्लादिमिरका' (१८९२). ढगाळ आकाश आणि लांब जाणारा मातीचा रस्ता, बस. कैद्यांना याच रस्त्याने पायी सैबेरियाला न्यायचे. आणि त्याच वर्षी लेव्हितानला ज्यू म्हणून मॉस्कोतून बाहेर काढलं होतं, १८७९ मध्येही तेच झालेलं, यावेळी मित्रांनी खटपट केली म्हणून परत येता आलं. हे माहीत असलं की रस्त्याकडेच्या पायवाटा वेगळ्याच दिसायला लागतात. कॉपी झाली की तुमच्या रोजच्या एखाद्या रस्त्याचं असंच चित्र करा, गाड्या दुकानं बोर्ड सगळं काढून टाका आणि बघा काय उरतं.

'गोल्डन ऑटम' मात्र शेवटी ठेवा, सगळे आधी तेच घेतात आणि पिवळा ओतून मोकळे होतात.

आणि माणसं काढता येत नाहीत म्हणून टेन्शन घेऊ नका. लेव्हितानच्या १८७९ च्या, मॉस्कोतल्या सोकोल्निकी बागेच्या चित्रात वाटेवरून चालणारी काळ्या कपड्यातली बाई आहे ना, ती त्याने काढलेलीच नाही, रशियन लेखक अंतोन चेखवचा भाऊ निकोलाय याने काढलीय, आणि तरी ते चित्र त्रेत्याकोव या मॉस्कोच्या मोठ्या चित्रसंग्राहकाने विकत घेतलं.