मोडी कागदांच्या डिजिटल प्रकल्पावर रुजू होताय? आधी तारखेचा रकाना बघा

इतिहासात एम.ए. झालंय, मोडी बऱ्यापैकी वाचता येतं आणि एखाद्या संशोधन मंडळात किंवा जिल्ह्याच्या गावच्या इतिहाससंस्थेत डिजिटायझेशनच्या कामावर घेतलंय, अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. स्कॅनर कुठला घ्यावा, डीपीआय किती ठेवावा हे तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर आठवड्याभरात कळेल. मी स्वतः अजून या कामात पाय रोवायला धडपडतेच आहे. करार संपत आला की झोप उडते, आणि नव्या रुमालाची (जुने कागद बांधून ठेवलेल्या फडक्याची) गाठ सोडताना अजूनही छातीत धडधडतं.

पहिली गोष्ट स्पष्टच सांगते. समन्वयक म्हणून गेलात तर कागद वाचायला फार थोडा वेळ मिळेल. बाकीचा वेळ विजेचं बिल, हार्ड डिस्कची खरेदी, विश्वस्तांच्या सभा आणि एक्सेलचे तक्ते यांत जातो. निधी येतो तो पानांच्या आकड्यावर. इतकी पानं स्कॅन झाली म्हटलं की देणगीदार खूश. त्या पानांवर काय लिहिलंय याची सूची करायला किती माणसं लागतील, याचा रकाना अंदाजपत्रकात बहुतेकदा नसतोच. तो घालून घ्या, आणि रुजू होण्याआधीच घालून घ्या. सूचीशिवाय स्कॅन केलेला कागद रुमालात बांधलेल्या कागदाइतकाच हरवलेला असतो.

साठवणुकीचं थोडक्यात. ए-फोर आकाराचं एक पान ४०० डीपीआयला रंगीत, न दाबलेल्या टिफमध्ये साधारण ४६ एमबी होतं. लाख पानांचे साडेचार टेराबाइटच्या वर जातात, आणि प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिच्या कितीतरी ऑनलाइन सेवा महिनोन्‌महिने बंद होत्या. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपल्या कपाटातल्या एका डिस्कचा भरवसा काय?

आता तारखेकडे येते. मी रुजू झाले तेव्हा नोंदतक्ता आधीच तयार होता. एका कंत्राटदाराने भरून दिलेला, हजारो ओळींचा. त्यात ‘तारीख’ नावाचा एकच रकाना होता आणि सगळीकडे सुबक इसवी तारखा. मूळ मिती कुठेच नव्हती. तारखा बरोबर की चूक हे तपासायचं तर प्रत्येक प्रतिमा पुन्हा उघडून वाचण्यावाचून मार्ग नव्हता. या एका रकान्याने आमचा प्रकल्प जितका मागे खेचला, तितका वाळवीने आणि कसरीनेही खेचला नाही.

पानिपतचं उदाहरण घ्या, कारण ती तारीख सगळ्यांना पाठ असते. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. शकात ७८ मिळवायचे हे शाळेत शिकवलेलं असतं. मिळवा. १७६० येतं. शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, म्हणून साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या बहुतेक मित्यांना ७९ मिळवावे लागतात. ७८ चं सूत्र सरसकट लावलं की हिवाळ्यातली निम्मी पत्रं वर्षभर मागे जाऊन बसतात. मराठी मोहिमा दसऱ्यानंतर निघायच्या, म्हणजे ऐन धामधुमीचेच हे महिने.

पण हे सोपं प्रकरण झालं. पेशवाईतल्या पत्रांवर शक क्वचित, सुहूर सन जास्त. आकडे नव्हे, अरबी शब्द: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एकं आधी, मग दहं, मग शंभर, मग हजार, म्हणजे ११६१. हा सन मृग नक्षत्राला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे पानिपताला १७६१ बरोबर येतं.

खरा खड्डा पुढे आहे. या सनाबरोबर महिना लिहिलेला असतो मुसलमानी: ‘छ’ आणि चंद्राची तारीख, मग मोहरम, सफर, जमादिलाखर असं काही. नवा मुलगा जमादिलाखर पाहतो, ११६१ पाहतो, आणि इंटरनेटवरच्या हिजरी कन्व्हर्टरमध्ये टाकून मोकळा होतो. हिजरी ११६१ म्हणजे १७४८. पानिपताच्या धामधुमीतलं पत्र सातारचे शाहू महाराज हयात असतानाच्या काळात जाऊन पडतं, आणि तक्त्यात ते अगदी विश्वासार्ह दिसतं. तिथे महिना आणि दिवस चंद्राचे असतात, वर्ष मात्र सूर्याचं. हे दोन्ही एका हिजरी वर्षाचे धरायचे नाहीत.

त्यातूनच पुढची गुंतागुंत येते. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, मृगसाल, म्हणजे हाच सुहूर सन, ३६५ दिवसांचं. म्हणून मृगसालाच्या पहिल्या साधारण ११ दिवसांतल्या चांद्र तारखा त्याच सालाच्या शेवटी पुन्हा येतात. एकच ‘छ’, एकच महिना, एकच सन, पण इसवी तारखा दोन, जवळजवळ वर्षभराच्या अंतराने. कुठली धरायची हे मजकुरावरून ठरतं: पेरणीची बोलणी आहेत का, फौज कुठे आहे, कोण हयात आहे. हे कुठलंही सूत्र ठरवू शकत नाही. शिवाय दख्खनी फसली ही महसुलाची कालगणनाही मृगालाच सुरू होते आणि सुहूरच्या ९ ने पुढे असते, म्हणजे एकाच रुमालात ११६१ आणि ११७० हे एकाच वर्षाचे आकडे असू शकतात.

इंग्रजी-पोर्तुगीज कागद आले म्हणजे सुटलो असंही समजू नका. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांग बदललं, पोर्तुगीज १५८२ पासूनच नव्या पंचांगावर होते. वसईच्या १७३७–३९ च्या मोहिमेबद्दल मुंबईकर इंग्रजाने आणि गोव्याच्या अधिकाऱ्याने एकाच दिवशी पत्र लिहिलं, तरी दोन्ही तारखांत ११ दिवसांचं अंतर दिसतं.

म्हणून तारखेला निदान पाच रकाने ठेवा. मूळ मिती, जशी लिहिली आहे तशी, अक्षरही न सुधारता. कालगणना कोणती. इसवी तारीख, पासून आणि पर्यंत, कारण पुष्कळ पत्रांना नेमका दिवस नसतोच. ती लिहिलेली आहे की अनुमानाने, आणि अनुमान असेल तर कशावरून. शेवटी, हे कोणी ठरवलं आणि कधी. इसवी तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने टाका, १७६१-०१-१४ अशी. एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखत नाही, मजकूर समजतं. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या शतकांचे एक तारखेचे कागद एका ठिकाणी गोळा होतील.

हे वाचून घाबरू नका. पाच-पन्नास पत्रांनंतर डोळ्याला सवय होते, अरबी आकडे तर दोन आठवड्यांत तोंडपाठ होतात.

स्कॅनिंगवाल्यांना एक गोष्ट लेखी द्या: कोरी दिसणारी मागची बाजूही घ्यायची. पत्र कधी पोचलं याची ‘पैवस्ती’ पुष्कळदा पाठीमागे, कोपऱ्यात, फिक्या शाईत असते. पानाच्या दराने पैसे घेणारा माणूस कोरी बाजू गाळतो किंवा घाईत दोन बंद (कागद) एकदम उलटतो. माझं ठाम मत आहे की पानाचा दर ठरवूच नये, तपासून मंजूर झालेल्या नोंदीचा ठरवावा. महाग पडतं खरं, पण दुसऱ्यांदा रुमाल सोडायचा म्हणजे जीर्ण कागदाची आणखी एक घडी तुटायची. आणि रुमालातला क्रम अजिबात बदलू नका. विषयवार लावायचा मोह होतो, ते काम तक्त्याला करू द्या. फाइलच्या नावात रुमाल क्रमांक, कागद क्रमांक आणि बाजू आली की पुरे.

आता संगणकाकडून मोडी वाचून घेण्याबद्दल. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, प्रयोग चालू आहेत, त्यांचं मला मनापासून अप्रूप आहे. पण शब्द न तोडता, ऱ्हस्व-दीर्घ न पाळता बोरूने पळवलेलं अक्षर यंत्राने वाचलं तरी ते तपासायला वाचणारा लागतोच. मोडी कच्चं असलेल्याने यंत्राचं लिप्यंतर हाती घेणं मला धोक्याचं वाटतं, कारण ते अडखळत नाही. जिथे माणूस थांबून ‘हे लागत नाही’ म्हणेल, तिथे ते काहीतरी गुळगुळीत लिहून देतं.

गुरू निवडताना एवढं बघा: ते तुम्हाला मोठ्याने वाचायला लावतात का? शब्द अडला की लगेच सांगून टाकणारे विद्वान असतील, पण त्यांच्याजवळ बसून मोडी येत नाही. मला ज्या आजोबांनी शिकवलं ते अडलेल्या शब्दावर बोट ठेवून गप्प बसायचे. तेव्हा राग यायचा. अशा माणसांचं नाव वाचक म्हणून प्रत्येक नोंदीत घाला, मानधनाची पावती वेळेवर काढा. पुष्कळ संस्था हे विसरतात, आणि मग ते लोक येईनासे होतात.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांबरोबर एक नमुना न्या. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. त्यांतली दहा पत्रं घ्या, वरच्या पाच रकान्यांत बसवा, आणि पत्रावर मुळात काय आहे आणि संपादकांनी तारीख कशी काढली हे वेगळं दाखवा. जिथे तुमचं गणित छापील तारखेशी जुळणार नाही ती ओळ झाकू नका, तिच्यावर खूण करून न्या. समोर जाणकार बसलेला असेल तर तो आधी त्याच ओळीबद्दल विचारील.