बॉल आउट देताना हवेत नाही, पायाकडे बघा

बास्केटबॉलची शिट्टी नवीन हातात घेतली की सगळ्यात जास्त गोंधळ साइडलाइनवर होतो. एक लक्षात ठेवा, ती ५ सेंटीमीटरची लाइन आउटमध्येच धरतात, म्हणजे बुटाचं टोक जरी टेकलं तरी प्लेअर आउट. पण बॉल नुसता लाइनच्या वरून हवेत गेला तर शिट्टी मारायची नाही, आतून उडी मारलेल्या पोराने तो हवेतच मागे आत ढकलला आणि मग तो पोरगा स्वतः बाहेर पडला तरी खेळ चालूच, प्रेक्षक कितीही बोंबलू देत. उलट बाहेरून उडी मारून बॉलला हात लावला तर आउट. बॉल रिंगमागच्या बोर्डच्या कडेला लागला तर चालतं, मागच्या बाजूला लागला की आउट. आणि हो, तुम्ही स्वतः लाइनवर उभे असाल आणि बॉल तुम्हाला लागला तरी आउटच, म्हणून जरा सांभाळून उभे राहा.