जपानचा रेल पास घेण्याआधी जरा हिशोब करा
जपानला जायचं ठरलं की सगळे आधी जेआर पासच (ठरावीक दिवस जपान रेल्वेच्या बहुतेक गाड्यांनी हवं तितकं फिरायचा पास) सुचवतात, पण ऑक्टोबर 2023 मध्ये 7 दिवसांचा पास एकदम 50,000 येनवर गेला आणि टोकियो-क्योटो बुलेट ट्रेनने जाऊन-येऊन साधारण 28,000 येनमध्ये होतं, म्हणजे तेवढंच फिरणार असाल तर सुटं तिकीट काढलेलंच बरं. या बुलेट ट्रेनचं तिकीट काढायच्या स्मार्ट ईएक्स ॲपवर आपलं कार्ड टाकून घरबसल्या बुकिंग होतं. सीट निवडताना साध्या डब्यात ई नंबरची खिडकी घ्या, आकाश मोकळं असेल तर फुजी पर्वत त्याच बाजूला दिसतो (ढग असले तर नशीब!). आणि हो, बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून 160 सेमीच्या वर जात असेल तर सामानाच्या जागेवाली सीटच बुक करा, जास्तीचे पैसे नाही लागत, पण न करता चढलात तर 1,000 येन भरावे लागतात.