लहान-मोठ्याची चिन्हं: बँकेच्या परीक्षेला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

5 ≥ 5 हे बरोबर की चूक? इंदूरच्या भंवरकुआँला क्लास लावलेली मुलंमुली रविवारी वही घेऊन रामबागेत माझ्याकडे येतात, त्यांना मी आधी हेच विचारतो. बरेच जण बिनदिक्कत 'चूक' म्हणतात. पण ते विधान बरोबर आहे. चिन्हाचा अर्थ 'मोठा किंवा समान', आणि 'किंवा'च्या दोन बाजूंपैकी एक खरी असली की विधान खरं. रीझनिंगमध्ये, म्हणजे तर्कशक्तीच्या भागात, इनइक्वॅलिटीचे (लहान-मोठ्याच्या चिन्हांचे) मार्क जातात ते बहुतेक या 'किंवा'पायी.

खरं तर फॉर्म भरताना हे चिन्ह तुम्ही वापरून मोकळे झालेले असता. आयबीपीएस पीओला (सरकारी बँकांतल्या अधिकारी भरतीच्या परीक्षेला) वय 20 ते 30 लागतं. जाहिरातीत जन्मतारखेच्या दोन मर्यादा देऊन पुढे 'दोन्ही तारखा धरून' असं लिहिलेलं असतं, म्हणजे नेमका त्या तारखेला जन्मलेलाही पात्र. चिन्हाखालची आडवी रेघ तेवढंच सांगते. 'किमान', 'कमीत कमी' आलं की ≥. 'कमाल', 'जास्तीत जास्त' आलं की ≤. 'पेक्षा जास्त' म्हटलं असेल तर रेघ नाही.

आता साखळी. P ≥ Q = R > S दिलंय, निष्कर्ष P > S. डावीकडून चालत जा. वाटेत एकही चिन्ह उलट्या तोंडाचं नाही आणि एक तरी बिनरेघेचं > भेटलं, तर दोन टोकांमध्ये पक्कं >. निष्कर्ष बरोबर. P ते R या तुकड्यात मात्र बिनरेघेचं > कुठेच नाही, म्हणून तिथे ≥ इतकंच म्हणता येतं; 'P > R' दिलं असेल तर ते निघत नाही. खरं असूही शकेल, पण इथे 'असू शकेल'ला मार्क नाहीत.

A > B < C दिसलं की थांबा. दोघेही B पेक्षा मोठे, आपसांत कोण मोठा ते देव जाणे. आयदर-ऑर, म्हणजे 'दोघांपैकी एक' हा पर्याय, नेमकं इथे दबा धरून बसलेलं असतं. निष्कर्ष एक: A ≥ C. निष्कर्ष दोन: A < C. एकेकटा सिद्ध होत नाही, पण मोठा, समान, लहान या तीनच शक्यता, आणि दोघांनी मिळून तिन्ही झाकल्या; उत्तर 'दोघांपैकी एक'. पहिला निष्कर्ष A > C असता तर 'समान' उघडं पडलं असतं आणि उत्तर झालं असतं 'एकही नाही'. एका रेघेने उत्तर फिरतं.

(ही रेघ तशी उशिराच आली. = ही खूण रॉबर्ट रेकॉर्डची, 1557 सालची. < आणि > थॉमस हॅरियटच्या पुस्तकात 1631 मध्ये छापले गेले, तो वारल्यावर दहा वर्षांनी. 'किंवा समान'साठी खाली रेघा जोडल्या पिएर बुगेरने, 1734 मध्ये, त्याही दोन-दोन. क्लासमध्ये हे कोणी सांगत नाही, परीक्षेतही विचारत नाहीत.)

कोडेड प्रकाराला, म्हणजे चिन्हांऐवजी @, # असल्या खुणा देतात त्याला, मुलं विनाकारण घाबरतात. 'P @ Q म्हणजे P हा Q पेक्षा मोठा नाही.' 'P # Q म्हणजे P हा Q पेक्षा मोठाही नाही, समानही नाही.' कच्च्या कागदावर दर सूचनेसमोर >, =, < ही तिन्ही लिहा आणि नाकारलेलं खोडा. पहिल्यात एक खोडलं, उरलं ≤. दुसऱ्यात दोन खोडली, उरलं <. हिंदीतून पेपर वाचणाऱ्यांनी 'न तो बड़ा है, न बराबर' दोनदा वाचावं. इंदूरच्या माणसाला हिंदी अडत नाही, पण घाईत डोळा पहिल्या 'न'वरच थांबतो.

शाळेत मगर मोठ्या संख्येकडे तोंड उघडते असं शिकवलेलं असतं. उणे संख्या आल्या की तीच मगर चुकीचं चावते, कारण 7 हा आकडा मोठा दिसतो. एका ओव्हरड्राफ्ट खात्यात उणे 7,000 आहेत, दुसऱ्यात उणे 3,000. कर्ज पहिल्यावर जास्त, म्हणून शिल्लक पहिल्यात कमी: −7,000 < −3,000. दोन्ही बाजूंना उणे संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं, तेही यातूनच समजतं.

क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, दोन समीकरणं देऊन x आणि y ची तुलना विचारतात. x² − 7x + 12 = 0 मधून x = 3 किंवा 4. y² − 9y + 20 = 0 मधून y = 4 किंवा 5. प्रत्येक x ची प्रत्येक y शी गाठ घाला: तीनदा लहान, एकदा समान, म्हणून x ≤ y. y च्या किमती 3 आणि 5 निघाल्या असत्या तर? 4 हा 3 पेक्षा मोठा, 5 पेक्षा लहान. संबंध ठरत नाही. आणखी एक खोडी: x² = 16 मध्ये x हा 4 किंवा −4, पण y = √16 मध्ये y फक्त 4. उत्तर x ≤ y, 'x = y' नाही.

प्रिलिम्सला (परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला) रीझनिंगचे 35 प्रश्न आणि 20 मिनिटं. मी बैठकव्यवस्थेच्या कोड्यांना हात लावण्याआधी इनइक्वॅलिटी उरकायचो. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कापतात, त्यामुळे आयदर-ऑरमध्ये तिन्ही शक्यता बोटावर मोजल्याशिवाय पर्यायावर क्लिक करू नका.