सातबारावर नसलेली माणसे: सोलापूरच्या माळावर संवर्धनाचे काम शिकताना

सोलापूर जिल्ह्यात जैवविविधतेच्या कामासाठी येणाऱ्या बहुतेक नवख्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक पक्षी असतो आणि त्यात वावगे काहीच नाही. वन्यजीवांच्या नकाशावर या जिल्ह्याचे नाव त्याच पक्ष्यामुळे आले. मात्र इथल्या गावांमधून काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, माळाची सर्वांत जास्त जाण ज्यांना आहे आणि माळ राखण्याची झळ ज्यांना सर्वांत जास्त बसते, त्यांचीच नावे कागदावर सापडत नाहीत. सातबारावर नाहीत, समितीच्या इतिवृत्तात नाहीत, अहवालात तर नाहीतच. स्त्री-पुरुष समता आणि मानवी हक्क म्हणजे प्रस्तावाच्या शेवटी जोडायचा एक परिच्छेद, असे समजून या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

आधी कायद्याचे. जैविक विविधता अधिनियम २००२ आणि त्याखालील नियमांनुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, तिच्यात किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य असावे लागतात आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंद, तयार करणे हे तिचे मुख्य काम. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तुमच्या हाती बहुधा अशीच एखादी नोंदवही पडेल. सदस्यांची यादी पाहिलीत तर महिलांचा आकडा बरोबर भरलेला दिसेल. त्यावर समाधान मानू नये. त्या महिलांना आपण समितीवर आहोत हे ठाऊक आहे का, एवढे विचारून पाहावे. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरी सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची कोणासाठी ठेवतात, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. १८ टक्क्यांच्या अटीतही इथल्यापुरती एक फट आहे. माळावर वर्षानुवर्षे मेंढ्या चारणारा धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींमध्ये मोडतो, त्यामुळे त्या अटीने त्याला समितीत जागा मिळत नाही. ती मुद्दाम मागून घ्यावी लागते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर डिसेंबर २०२२ मध्ये कुनमिंग-मॉन्ट्रियल जागतिक जैवविविधता आराखडा स्वीकारला गेला. त्याच्या २३ लक्ष्यांपैकी बाविसावे स्थानिक समुदाय, स्त्रिया, युवक आणि अपंग व्यक्ती यांच्या निर्णयातील सहभागाविषयी, तर तेविसावे स्त्री-पुरुष समतेविषयी आहे. मुलाखतीत हे विचारतात, म्हणून पाठ असावे. गावात मात्र त्याचा उल्लेख करण्याची वेळ क्वचितच येते.

नोंदवहीचे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहा. सकाळी दहा वाजता चावडीत किंवा देवळाच्या पारावर बैठक ठरते, ज्येष्ठ मंडळी येतात, झाडे, पक्षी, ओढे, देवस्थानची जमीन यांची भराभर नावे निघतात आणि दोन तासांत तक्ते भरले जातात. त्या वेळी बायका ज्वारीच्या काढणीला किंवा डाळिंबाच्या बागेत रोजावर गेलेल्या असतात. मग शेतीतील वाणांच्या रकान्यात 'ज्वारी: मालदांडी' एवढेच लिहून पुढचे पान उलटले जाते. रब्बी ज्वारीच्या आपल्या या पट्ट्यात, जिथल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तिथे हा रकाना एका शब्दात संपत असेल तर आपण चुकीच्या वेळी चुकीच्या माणसांना विचारले, असे खुशाल समजावे. मोहोळ तालुक्यातील एका आजींच्या घरी हाच रकाना भरायला बसलो, तेव्हा त्यांनी आधी कणगीतून राखेत घोळलेले, कडुलिंबाचा पाला घातलेले बियाणे काढून दाखवले. मग हुरड्याची गूळभेंडी वेगळी का राखायची, लाह्यांसाठी कोणते कणीस बाजूला काढायचे, कोणत्या ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि कोणत्या कडब्याला म्हैस तोंड लावत नाही, हे क्रमाने सांगितले. निवड उभ्या पिकातच करायची, खळ्यावर नाही, हेही बजावले. पाथरी, तांदुळजा, चिघळ या भाज्या बांधावरून कधी कमी झाल्या, याचे उत्तर त्यांनी तणनाशकाचा पंप घरात आला त्या वर्षाशी जोडून दिले. "आमास्नी कोन इचारतंय बाळा, तुमी लिवून घ्या," असे म्हणून त्या पुन्हा पाखडायला बसल्या. कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञाने मान डोलवावी अशी ती माहिती होती. आजींच्या नावावर मात्र गुंठाभरही जमीन नव्हती.

त्यामुळे बैठकीची वेळ ही माझ्या दृष्टीने हक्कांची पहिली बाब आहे. रोजावर जाणाऱ्या बाईला दुपारी बोलावले तर तिचा रोज बुडतो आणि संध्याकाळी बोलावले तर चूल अडते. तिच्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकात आधीच धरावा. तज्ज्ञांच्या मानधनाची तरतूद असते, तशी हीदेखील असावी. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील बचत गटाची मासिक बैठक ठरलेली असते, तिथे गटाच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गावपातळीवर गटांचे काम पाहणाऱ्या कार्यकर्तीला, विचारून अर्धा तास मागून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, पण तोच एकमेव मार्ग मानू नये, कारण सर्वांत गरीब बाई हप्ता परवडत नाही म्हणून अनेकदा गटाबाहेरच राहते. भाषेचेही भान ठेवावे लागते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात अनेक घरांत कन्नड बोलतात, बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलतात; पुरुष बाजाराच्या निमित्ताने मराठीत सराईत असतात, घरातल्या वयस्क बायका तितक्या नसतात. मराठीत घेतलेल्या सभेत त्या गप्प बसल्या, तर त्याचा अर्थ त्यांना काही सांगायचे नव्हते असा काढू नये.

झळ कोणाला बसते हे पाहायचे असेल तर भरपाईचा कागद हातात घ्यावा. काळविटांनी किंवा रानडुकरांनी पीक खाल्ले की पंचनामा होतो आणि पैसे सातबारावर नाव असलेल्याच्या खात्यात जातात. पेरणीपासून राखणीपर्यंत शेत जिने सांभाळले तिचे नाव तिथे नसेल, तर नुकसान तिचे आणि भरपाई दुसऱ्याची. लक्ष्मी मुक्ती योजनेमुळे पत्नीचे नाव पतीच्या हयातीत सातबारावर लावता येते, हे गावात सांगणे मी संवर्धनाच्या कामाचाच भाग मानतो. लांडग्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. इथले गवताळ माळ लांडग्यांचा मोठा आधार आहेत आणि ते अनेकदा शेळ्या-मेंढ्यांवर जगतात. शेळी ही भूमिहीन बाईची स्वतःची अशी बहुतेक एकमेव मिळकत असते. मी पाहिलेल्या एका पंचनाम्यात शेळीची मालकीण समोर उभी असताना अर्जावर तिच्या नवऱ्याचे नाव घातले गेले, कारण बँकेचे खाते त्याचे होते. मेंढ्यांचा वाडा घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या मेंढपाळाला तर पंचनामा होईपर्यंत त्या गावात थांबणेच परवडत नाही. ही भरपाई वेळेवर आणि योग्य हातात पडली नाही, तर लांडग्याच्या बाजूने बोलायला गावात कोणी उरत नाही.

अभयारण्याचा इतिहास प्रत्येक नवख्याने वाचावा. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोकसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात खासगी जमिनी, गावे, वाहते रस्ते असे सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर निर्बंध आल्याने पक्ष्याविषयी रोष वाढत गेला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. लोकांना विश्वासात न घेता आखलेली सीमा शेवटी पक्ष्यालाही लाभत नाही, असे माझे मत आहे. जमिनीवर एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याला शांत, उघडा माळ लागतो आणि तो माळ गुराख्याच्या सहकार्याशिवाय शांत राहत नाही. याच पक्ष्याच्या खटल्यात, राजस्थान आणि गुजरातमधील वीजवाहिन्यांच्या वादावर, २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले. माळढोक आणि मानवी हक्क एकाच निकालपत्रात यावेत, याचे मला अजूनही नवल वाटते.

चराईबाबत वनहक्क कायदा २००६ मुळातून वाचावा. भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क त्यात स्पष्ट नमूद आहे आणि विवाहितांचे वैयक्तिक हक्कपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचे आहे. मात्र अनुसूचित जमातीत नसलेल्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते आणि फिरस्त्यांकडे असे पुरावे क्वचितच असतात. पारध्यांशी बोलताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांना कोंडण्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती; कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शहरातील तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो. अशा समाजातील माणसाकडे तुम्ही वही काढून 'तितर कुठे सापडतात' असे विचारले, तर त्याला चौकशीचा वास येणारच. माहिती कशासाठी हवी, कोणाला दाखवली जाईल आणि नाही म्हटल्यास काहीही बिघडणार नाही, हे आधी सांगावे आणि तो नाही म्हणाला तर खरोखरच उठून यावे.

कॅमेरा ट्रॅपबद्दल, म्हणजे समोरून काही गेले की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल, प्रशिक्षणात कोन, उंची, बॅटरी असे सगळे शिकवतात. माळावर पहाटे बायका शौचाला जातात, हे सहसा कोणी सांगत नाही. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात अशा कॅमेऱ्यांचा आणि ड्रोनचा स्त्रियांवर पाळत ठेवण्यासाठी आणि त्यांना त्रास देण्यासाठी वापर झाल्याचे केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधनातून २०२४ मध्ये पुढे आले. कॅमेरा लावण्यापूर्वी वस्तीतील बायकांना जागा दाखवावी, त्या नको म्हणतील ती जागा सोडावी आणि माणसांची छायाचित्रे कोण पुसणार हे लेखी ठरवावे. एक-दोन खोकडांच्या नोंदी हुकल्या तरी चालतील.

शिक्षणाबाबत थोडक्यात. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राची पदवी असेल तर सामाजिक संशोधनाची पद्धत शिकून घ्यावी. समाजकार्यातून आला असाल तर निदान माळावरची गवते ओळखता यायला हवीत. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र आहे, सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावर. ग्रामीण विकासाचे शिक्षण घ्यायला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. सुरुवातीचे काम बहुधा कंत्राटी असते आणि मानधन बेताचे.

मुलींसाठी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. रुजू होण्यापूर्वी क्षेत्रकामातील मुक्काम, वाहन आणि सोबत यांची व्यवस्था विचारावी आणि २०१३ च्या कायद्यानुसार नेमायची अंतर्गत तक्रार समिती संस्थेत आहे का, हेही विचारावे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेत ती नसते. अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. गावात समतेच्या सभा घेणारी संस्था हा प्रश्न ऐकून कपाळाला आठ्या घालत असेल, तर तिथे रुजू होण्याआधी दुसरीकडे चौकशी करावी.

नोंदवही पूर्ण झाल्यावर ती गावात वाचून दाखवण्यासाठी दोन दिवस राखून ठेवावेत, त्यांपैकी एक वाचन वस्तीवर किंवा तांड्यावर व्हावे. बियाण्याच्या, भाज्यांच्या, औषधींच्या नोंदींपुढे सांगणाऱ्याचे नाव घालायचे की नाही हे त्याच वेळी विचारावे. काहींना नाव हवे असते, काहींना मुळीच नको असते, आणि औषधी वनस्पतींच्या काही नोंदी तर गावाबाहेर जाऊ नयेत असे सांगितले जाते. तशी खूण त्या पानावर तिथल्या तिथे करून मगच वही समितीच्या ताब्यात द्यावी.