गाडी टोटल लॉसमध्ये गेली: आकडा मान्य करण्याआधीची तयारी

अपघातानंतर विमा कंपनीच्या क्लेम विभागातून फोन येतो, "गाडी टोटल लॉसमध्ये जातेय", म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही, असं सांगतात आणि त्याच दमात एक आकडाही सांगून मोकळे होतात. या फोनवर होही म्हणू नका आणि भांडूही नका. "आकडा कसा काढला तो रिपोर्ट ईमेलवर पाठवा, बघून कळवतो" एवढं बोलून फोन ठेवा. तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि सांगितलेली रक्कम लगेच टिपून ठेवा. पहिला आकडा पुष्कळदा तयार तक्त्यातून आलेला असतो, आणि तो काढणाऱ्याने तुमची गाडी डोळ्यांनी पाहिलेली असेलच असं नाही. म्हणून तो बदलू शकतो. पण "एवढेच?" असं कितीही वेळा विचारलं तरी तो हलत नाही, रिपोर्टमधल्या चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं की हलतो. पुढची सगळी जमवाजमव त्या ओळी शोधण्यासाठी आहे.

आधी पॉलिसी बाहेर काढा. ॲपवरचा सारांश पुरत नाही, अटींसकट अख्खी पॉलिसी हवी. टोटल लॉस झाल्यावर कंपनी नेमकं काय देणं लागते, ते कलम हुडका. ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात अपघाताच्या आधी गाडीचा जो बाजारभाव होता तो मिळतो. ब्रिटन-अमेरिकेतल्या बहुतेक पॉलिसी अशा. दुसऱ्यात रक्कम पॉलिसी घेतानाच ठरलेली असते. भारतातली आयडीव्ही, म्हणजे गाडीची पॉलिसीत लिहिलेली विमा किंमत, या दुसऱ्या प्रकारातली. गाडी बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलच्या जाहीर केलेल्या विक्री किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करून ती काढतात: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दुसऱ्या वर्षी 20, मग 30, 40 आणि पाचव्या वर्षी 50 टक्के. त्याहून जुन्या गाडीची रक्कम विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. टोटल लॉसच्या दाव्यात, पॉलिसीची मुदत चालू असेतो, या रकमेवर पुन्हा घसारा लावायचा नसतो. तेव्हा पॉलिसीच्या अकराव्या महिन्यात अपघात झाला आणि कोणी "आता बाजारात एवढा भाव नाही" म्हणालं, तर ते कलम पुढे करायचं. जुन्या गाड्यांच्या जाहिराती गोळा करण्याचे कष्ट तिथे वाचतात. बाजारभावाच्या पॉलिसीत मात्र तेच कष्ट कामाला येतात.

गाडी टोटल लॉस ठरते कशी, हेही याच वेळी बघून घ्या. भारतात गाडी जागेवरून उचलून आणून दुरुस्त करण्याचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की ती टोटल लॉस. अमेरिकेत हे राज्याराज्यात बदलतं. ओक्लाहोमात 60 टक्के, टेक्सासमध्ये 100. काही राज्यांत टक्केवारीच नाही, तिथे दुरुस्तीचा खर्च आणि भंगाराची किंमत यांची बेरीज गाडीच्या किमतीशी ताडून बघतात. समजा गाडीची किंमत 100 धरली, दुरुस्तीला 70 लागतात आणि आहे त्या स्थितीत विकली तर 35 येतात. बेरीज 105, म्हणून टोटल लॉस. आता तुम्ही कागदपत्रं दाखवून किंमत 110 मान्य करून घेतलीत, तर हेच गणित उलटतं आणि कंपनी म्हणू शकते की मग गाडी दुरुस्तच करून देतो. हे फार थोडेजण आधी लक्षात घेतात. त्यामुळे गाडी परत हवी आहे की पैसे, हे आधी घरात बसून ठरवा. चासी वाकलेली, एअरबॅग उघडलेल्या, पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलेलं, अशी गाडी दुरुस्त होऊन दारात आली तरी तिचं दुखणं पुढे तुमच्याच मागे लागणार आहे.

गाडी यार्डात किंवा गॅरेजमध्ये पडली असेल तर ती हलवण्याआधी एकदा जाऊन या, जमत नसेल तर कुणाला तरी पाठवा. सगळेजण चेपलेल्या बाजूचे फोटो काढतात. तुम्ही धड राहिलेल्या बाजूचे काढा: टायरवरची नक्षी आणि टायरच्या बाजूवर छापलेला उत्पादनाचा आठवडा-वर्ष, न फाटलेल्या सीट, छत, पाठीमागचा बंपर, बॅटरी चालत असेल तर ओडोमीटरचा आकडा. गाडीची अपघाताआधीची स्थिती सांगायला हेच फोटो कामी येतात. डॅशकॅमचं मेमरी कार्ड, टोलचा टॅग, दुसरी किल्ली, डिकीतलं सामान, मुलांची सीट, सगळं काढून घ्या. ब्लूटूथला जोडलेले फोन नंबर आणि घराचा पत्ता स्क्रीनवरून पुसता आला तर पुसा. यार्डात गाडी उभी ठेवण्याचं भाडं दिवसागणिक चढत असतं. ते कोण भरणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे कंपनीकडून लेखी घ्या. तुम्ही आकड्यावर वाद घालत असताना हे भाडं तुमच्या माथी मारलं जाऊ नये.

मग गाडीची फाइल. खरेदीचं बिल, नोंदणीचा कागद, सर्व्हिसची बिलं, टायर-बॅटरी बदलल्याची बिलं, अपघाताच्या आधीचे फोटो. फोनची गॅलरी चाळा. सहलीचा, लग्नाचा, धुतलेल्या गाडीपुढे उभं राहून काढलेला, कुठलाही तारखेचा फोटो चालतो. सर्व्हिसची पुस्तिका गाडीबरोबर चेपली असेल तर सर्व्हिस सेंटरकडे नोंदी असतात, त्यांच्याकडून प्रिंट मागा.

रिपोर्ट हातात आला की शेवटच्या आकड्याकडे बघण्याआधी पहिल्या पानापासून वाचा. आधी चासी नंबर जुळतोय का. मग व्हेरिएंट, आणि इथेच सर्वात जास्त पैसा लपलेला असतो. एकाच मॉडेलच्या तळातल्या आणि सर्वात वरच्या व्हेरिएंटमध्ये बराच फरक असतो आणि डेटा भरणाऱ्याने नुसतं मॉडेलचं नाव टाकलेलं असतं. इंधन, गिअरबॉक्स, गाडी बनवणाऱ्या कंपनीने बसवून दिलेली जादा उपकरणं, उत्पादनाचं वर्ष आणि नोंदणीचं वर्ष, चाललेले किलोमीटर, हे एकेक करून खूण करत तपासत जा. त्यानंतर येतात वजावटी. ज्या गाड्यांशी तुलना केली आहे त्या सगळ्या चकाचक धरायच्या आणि तुमची 'साधारण', मग सीट, रंग, टायर, इंजिन अशा प्रत्येक खात्यात थोडं थोडं कापायचं, ही पद्धत सर्रास आढळते. एकेक वजावट किरकोळ दिसते, बेरीज किरकोळ नसते. प्रत्येक वजावटीपुढे एकच प्रश्न लिहा: ही कुठल्या फोटोवरून? जुना ओरखडा, आधीचा डेंट यांबद्दल कापलं असेल आणि तो खरोखरच होता, तर ते मान्य करून पुढे जा. अमेरिकेतल्या काही रिपोर्टांत तुलनेच्या गाडीची जाहिरातीतली किंमत "घासाघीस होऊन इतकी उतरली असती" असं गृहीत धरून सरसकट कमी केलेली असते. त्या कपातीवरून तिथे कोर्टात खटलेही झालेले आहेत. अशी ओळ दिसली तर तिचा आधार लेखी मागायचा.

आता तुमच्या बाजूच्या तुलनेच्या गाड्या. तेच वर्ष, तेच व्हेरिएंट, तेच इंधन, तोच गिअरबॉक्स आणि साधारण तेवढेच किलोमीटर, जमेल तितक्या जवळच्या भागातल्या. प्रत्येक जाहिरातीचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, किंमत, किलोमीटर आणि विकणारा दिसायला हवा, कारण जाहिरात दोन दिवसांत उडते आणि मग लिंकला काही अर्थ उरत नाही. वापरलेल्या गाड्यांच्या डीलरकडच्या गाड्या जास्त वजनदार ठरतात, कारण तुम्हाला बदली गाडी घ्यायची तर तिथूनच घ्यावी लागणार. विकायला गेल्यावर डीलर तुम्हाला जो भाव देईल, तो वेगळा; कंपनीने तो धरला असेल तर हरकत घ्या. सगळ्यात महाग तीन जाहिराती उचलून पाठवू नका, समोरचाही तेच संकेतस्थळ उघडून बसलेला असतो. एक-दोन स्वस्तातल्या गाड्याही यादीत ठेवा आणि त्या स्वस्त का आहेत ते शेजारी लिहा: तिसरा मालक, किलोमीटर दुप्पट, वगैरे. अशा यादीवर विश्वास बसतो. ब्रिटनमध्ये व्यापारी वापरतात त्या किंमतसूच्यांना फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिस (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी तिथली संस्था) बरंच महत्त्व देते, तेव्हा तिथे कंपनीने कुठल्या सूच्या पाहिल्या आणि प्रत्येकीत काय आकडा होता हे मागून घ्यायचं.

काही गोष्टी तक्रारीच्या पत्रात घालूच नका. कर्ज किती उरलंय, नवीन गाडी आता केवढ्याला मिळते, गेल्या महिन्यात क्लच बदलला, वडिलांची आठवण होती. क्लच चालणारा असणं बाजार गृहीतच धरतो, त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. नव्या टायरांचं मात्र बिल जोडा, थोडं का होईना पदरात पडतं. बाहेरून बसवलेली महागडी म्युझिक सिस्टीम पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर तिच्यावरून ताणू नका.

एवढं जमलं की दोन आकडे कागदावर लिहा. एक पुराव्यासकट मागायचा, दुसरा ज्याहून कमी रकमेला सही करायची नाही. दुसरा आकडा कंपनीला कधीच सांगायचा नाही. पत्र एका पानाचं पुरे, आणि सूर कोरडा ठेवा: "रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर गाडी मॅन्युअल दाखवली आहे, सोबतच्या खरेदीच्या बिलाप्रमाणे ती ऑटोमॅटिक आहे. किलोमीटर 71 हजार धरले आहेत, शेवटच्या सर्व्हिसच्या नोंदीप्रमाणे 58 हजार आहेत. सीटबद्दलच्या वजावटीसाठी फोटो जोडलेला नाही, सोबत माझे फोटो पाठवत आहे. या तीन दुरुस्त्या करून सुधारित रिपोर्ट पाठवावा. सोबतच्या पाच गाड्यांवरून माझ्या मते योग्य रक्कम अमुक आहे." यात कुठे विशेषण नाही, ग्राहक न्यायालयाची धमकी नाही. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी "आज आपलं असं बोलणं झालं" म्हणून ईमेल टाका.

गाडीच्या किमतीबाहेरच्या रकमा वेगळ्या कागदावर मांडा, कारण वाटाघाटीच्या नादात त्या निसटतात. दाव्यातला जो हिस्सा पॉलिसीप्रमाणे तुम्हीच सोसायचा ती सक्तीची आणि स्वेच्छेने घेतलेली अशी दोन्ही वजावट, टोइंगचा खर्च, बदली गाडीची सोय असेल तर ती कधी थांबते, तिथल्या नियमाप्रमाणे कर आणि नोंदणी शुल्क मिळतं का. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात आणि उरलेले तुमच्याकडे येतात. मिळणाऱ्या रकमेपेक्षा कर्ज जास्त असेल तर फरक तुम्हालाच भरावा लागतो. मिळणारी रक्कम आणि कर्ज किंवा खरेदीचं बिल यांतला फरक भरून देणारं 'गॅप' किंवा 'रिटर्न टू इन्व्हॉइस' नावाचं जादा कव्हर घेतलं होतं का ते तपासा, पुष्कळांनी ते डीलरकडे सह्या करताना घेतलेलं असतं आणि विसरलेलंही असतं.

सॅल्व्हेजबद्दल, म्हणजे उरलेल्या मोडक्या गाडीबद्दल, थोडं सविस्तर. मोडकी गाडी स्वतःकडे ठेवायची तर तिची किंमत तुमच्या रकमेतून वजा होते. भारतात याला नेट ऑफ सॅल्व्हेज म्हणतात. ही किंमत कोणी बोली लावून ठरवली आणि किती बोल्या आल्या ते विचारा. कागदोपत्री जास्त धरली तर तुमच्या हातात तेवढंच कमी पडतं. भंगाराची किंमत तुम्हाला जास्त वाटत असेल तर "त्याच भावात तुमचा खरेदीदार पाठवा" हे उत्तर पुरेसं असतं. ठेवून घेण्याआधी ती पुन्हा रस्त्यावर आणता येईल का तेही बघा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2017 पासून अशा मोडक्या गाड्यांचे ए, बी, एस आणि एन असे वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांतली गाडी रस्त्यावर परत येऊ शकत नाही. आणि गाडी भंगारवाल्याकडे जाणार असेल तर नोंदणी तुमच्या नावावरून हलल्याचा किंवा रद्द झाल्याचा कागद मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. मोडक्या गाडीचा चासी नंबर चोरीच्या गाडीवर चढवण्याचे प्रकार होतात आणि पोलीस कागदावरच्या मालकाचं दार ठोठावतात.

"पूर्ण व अंतिम" असं लिहिलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर (दावा मिटला असं कबूल करणाऱ्या कागदावर) वाद मिटल्याशिवाय सही करू नका. पैशांची निकड असेल तर वादात नसलेली रक्कम आत्ता द्या आणि फरकाचा हक्क राखून ठेवतो, असं लेखी मागा. कंपनी नाही म्हणू शकते, पण मागितल्याची नोंद राहते.

दोन-तीन फेऱ्यांनंतरही आकडा जागचा हलला नाही तर वरची पायरी. अमेरिकेतल्या बऱ्याच पॉलिसींत मूल्यांकनाचं कलम असतं: दोघांनी एकेक मूल्यांकक नेमायचा, त्या दोघांनी पंच निवडायचा, तिघांपैकी दोघांचं जमलं की तो आकडा बांधील. आपल्या माणसाची फी आपली आणि पंचाची निम्मी, म्हणून फरक फीपेक्षा चांगला मोठा असेल तरच. ब्रिटनमध्ये तक्रारीवर अंतिम उत्तर द्यायला कंपनीला आठ आठवडे असतात आणि ते उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत ओम्बुड्समनकडे जाता येतं. भारतात आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. लोकपालाकडे फी नाही, वकीलही लागत नाही. लागते ती वर जमवलेली फाइल, तारखेच्या क्रमाने लावलेली आणि पानांवर क्रमांक टाकलेली.